जुना एएम४ बोर्ड, नवा प्रोसेसर: कमी खर्चात गेमिंग पीसी अपग्रेड करताना काय घ्यावं आणि कसं बसवावं

२०१७ ते २०२० या काळात बेताच्या बजेटमध्ये बांधलेल्या गेमिंग पीसीत एक जोडणी हमखास सापडते. ए३२० किंवा बी४५० मदरबोर्ड, त्यावर एएमडीचा प्रोसेसर म्हणजे रायझन ३ २२००जी, रायझन ५ १६०० किंवा २६००, आठ नाहीतर सोळा जीबी डीडीआर४ रॅम, आणि सोबत जीटीएक्स १०५० टीआय, १६५० किंवा आरएक्स ५८० यांपैकी एखादं ग्राफिक्स कार्ड. असा पीसी आता नव्या गेममध्ये अडखळू लागला की दुकानात पहिला सल्ला मिळतो, "बोर्ड, रॅम, प्रोसेसर, सगळंच बदला." बहुतेकांना त्याची गरज नसते. एएमडीने एएम४ हे एकच सॉकेट (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) रायझनच्या पहिल्या मालिकेपासून ५००० मालिकेपर्यंत चालवलं. त्यामुळे तोच बोर्ड, तीच रॅम आणि तेच एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येतो. २०२५ च्या शेवटापासून रॅमच्या किमती ज्या चढल्या, त्या पाहता हातातली डीडीआर४ वाचवणं हीच मोठी बचत आहे.

म्हणून हा लेख मुख्यतः एएम४ वाल्यांसाठी आहे. इंटेलचा बोर्ड असलेल्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे.

आधी मोजा, मग पैसे काढा

गेम अडकतोय म्हणजे प्रोसेसरच कमी पडतोय असं नाही. चूक इथेच होते आणि ती महागात पडते. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या; त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं. दोन्ही मिळून गेमच्या पडद्यावरच आकडे दाखवतात. ग्राफिक्स कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वेगळा वापर, प्रोसेसरचं तापमान आणि क्लॉक (चालण्याचा वेग), वापरलेली रॅम, वापरलेली व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) एवढं चालू करा. गेममधलं व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद करा. मग जिथे नेहमी त्रास होतो तीच जागा, तोच मॅप दहा मिनिटं खेळा आणि आकडे लिहून ठेवा.

कार्डाचा वापर सतत ९५ ते ९९ टक्के दिसत असेल, तर कार्ड पूर्ण ताकदीने काम करतंय आणि तेच कमी पडतंय. प्रोसेसर बदलून तिथे जवळपास काहीच मिळणार नाही. कार्ड ५०-७० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि एफपीएसही हवे तेवढे नाहीत, तर प्रोसेसर कार्डाला वेळेवर काम पुरवू शकत नाहीये. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. एफपीएस वाढले तर अडचण कार्डाची, होते तिथेच राहिले तर प्रोसेसरची.

इथे एक आकडा फसवतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसला की लोक म्हणतात, प्रोसेसर तर अर्ध्याहून जास्त मोकळा आहे. बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड पूर्ण भरला तर एकूण वापरात त्याचा वाटा जेमतेम आठ टक्के असतो. गेमचं मुख्य काम बहुतेक वेळा एकदोन थ्रेडवरच ओढलं जातं, आणि ते थ्रेड भरले की बाकीचे दहा मोकळे असूनही उपयोग नाही. म्हणून प्रत्येक थ्रेड वेगळा बघायचा. त्याहून भरवशाची खूण म्हणजे कार्डाचा पडलेला वापर.

आणखी तीन गोष्टी प्रोसेसरच्या नावावर खपतात. आठ जीबी रॅममधली साडेसात जीबी भरलेली असेल तर झटके रॅमचे आहेत. रॅमची एकच स्टिक असेल तर मेमरी सिंगल चॅनेलवर चालते आणि रायझनला ते फार जाचतं. सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबमध्ये ड्युअल किंवा '2 x 64-bit' लिहिलेलं दिसायला हवं. तिसरी गोष्ट उष्णता. पाच वर्षांत प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळते, हीटसिंकमध्ये धूळ बसते, प्रोसेसर ९० अंशांच्या वर जातो आणि स्वतःला वाचवायला क्लॉक खाली आणतो. अकोला-नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असते, तेव्हा हिवाळ्यात नीट चालणारा पीसी उन्हाळ्यात का रडतो हे वेगळं सांगायला नको. आधी साफसफाई आणि नवी पेस्ट, मग पुन्हा मोजणी.

मॉनिटरही हिशेबात घ्या. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ६० च्या पुढचे एफपीएस दिसतच नाहीत. तिथे सरासरीपेक्षा सर्वात वाईट क्षण सुधारणं महत्त्वाचं, म्हणजे ज्याला 'वन पर्सेंट लो' म्हणतात तो आकडा. १४४ किंवा १६५ हर्ट्झवर व्हॅलोरंट, सीएस२ खेळणाऱ्याला मात्र प्रोसेसरवर जास्त खर्च करणं खरंच परवडतं, कारण कमी सेटिंगवर हे गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतात.

बोर्ड काय झेपवू शकतो

सीपीयू-झेडमधल्या मेनबोर्ड टॅबमध्ये तीन गोष्टी मिळतात: मॉडेलचं पूर्ण नाव, रिव्हिजन (त्याच मॉडेलची कितवी सुधारणा) आणि बायोसची, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची, आवृत्ती. तिन्ही लिहून घ्या. रिव्हिजनकडे दुर्लक्ष करू नका, कारण काही बोर्डांच्या एकाच नावाच्या दोन रिव्हिजनना वेगवेगळ्या बायोस फाइली लागतात.

मग कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचं पान उघडून सीपीयू सपोर्टची यादी बघा. घ्यायचा तो प्रोसेसर यादीत असायला हवा आणि त्याच्यासमोर किमान कोणती बायोस आवृत्ती लागते ते लिहिलेलं असतं. बी४५० बोर्डांना ५००० मालिकेचा सपोर्ट आधी आला, ए३२० आणि बी३५० पैकी बऱ्याच जणांना २०२२ मध्ये. पण 'बऱ्याच' म्हणजे 'सगळ्या' नव्हे. यादीत नाव नसेल तर दुकानदाराच्या "चालून जाईल" वर विसंबू नका.

बोर्डाला प्रोसेसरची वीज झेपते का, हाही प्रश्न आहे. स्वस्त ए३२० बोर्डांवर व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, हीटसिंकच नसतं. ६५ वॅट टीडीपीचा सहा कोअरचा प्रोसेसर अशा बोर्डावर चालतो. १०५ वॅटचा ५८००एक्स किंवा ५९००एक्स चढवला तर व्हीआरएम तापून क्लॉक पाडतो आणि जास्तीचे पैसे वाया जातात.

कोणता घ्यावा

बहुतेकांसाठी उत्तर रायझन ५ ५६०० आहे. एप्रिल २०२२ मध्ये आलेला, सहा कोअर, बारा थ्रेड, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी), ६५ वॅट.

२६०० लाही सहा कोअर आणि बाराच थ्रेड आहेत, मग फरक कुठे पडतो? एएमडीच्या स्वतःच्या आकड्यांनुसार २६०० च्या झेन+ रचनेवरून झेन २ वर जाताना त्याच क्लॉकला साधारण १५ टक्के आणि झेन २ वरून ५६०० च्या झेन ३ वर जाताना १९ टक्के काम वाढलं. त्यात क्लॉक ३.९ वरून ४.४ वर गेला. १.१५ गुणिले १.१९ गुणिले १.१३ केलं की उत्तर दीडपटीच्या थोडं पुढे येतं. प्रोसेसर जिथे अडतो अशा जागी साधारण याच मापाची वाढ अपेक्षित धरावी. गेमच्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट कॅशची आहे. २६०० मध्ये सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आणि प्रत्येक गटाकडे आपली आठ एमबी कॅश. एका गटातल्या कोअरला दुसऱ्या गटातली माहिती हवी झाली की मधल्या रस्त्याने फेरा मारावा लागतो, आणि नेमका तेव्हा फ्रेम उशिरा येतो. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच गटात आणि ३२ एमबी कॅश सगळ्यांची सामाईक. सरासरी एफपीएस वाढतातच, पण वळताना, गाडी वेगाने नेताना, गर्दीत शिरताना बसणारे बारीक झटके कमी होतात ते यामुळे.

५६००एक्स घेण्यासारखा आहे तो फक्त ५६०० च्याच भावात मिळाला तर. बूस्ट २०० मेगाहर्ट्झने जास्त, गेममध्ये फरक डोळ्याला न जाणवणारा.

५५०० बद्दल नीट समजून घ्या, कारण नाव जवळचं असलं तरी आतली चिप वेगळी आहे. हा मुळात ग्राफिक्सवाल्या जी मालिकेचा प्रोसेसर, ग्राफिक्स बंद करून विकलेला. एल३ कॅश १६ एमबी म्हणजे निम्मी, आणि ग्राफिक्स कार्डाशी जोडणारी पीसीआयई ४.० ऐवजी ३.०. प्रोसेसर अडतो अशा गेममध्ये तो ५६०० पेक्षा दहा ते वीस टक्के मागे पडतो. जीटीएक्स १६५० किंवा आरएक्स ५८० वर मात्र कार्डच आधी थकतं आणि दोघांत फरक दिसत नाही. पुढे कार्ड बदलायचा विचार नसेल आणि ५५०० ची किंमत ५६०० पेक्षा निदान पंधरा टक्के कमी असेल, तरच ५५०० घ्या. फरक त्याहून कमी असेल तर ५६००.

असाच घोटाळा ५७०० आणि ५७००एक्स यांत आहे. ५७००एक्सला ३२ एमबी कॅश, तर नुसत्या ५७०० ला १६ एमबी आणि पीसीआयई ३.०. बिलावर आणि खोक्यावर 'एक्स' आहे का ते बघून घ्या. गेमसाठी ५७००एक्सचे आठ कोअर ५६०० पेक्षा फार काही देत नाहीत. गेम खेळता खेळता स्ट्रीमिंग करायचं असेल, व्हिडिओ एडिट करायचे असतील, तर जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी यांत ९६ एमबी कॅश आहे. एएम४ वर गेमसाठी यांच्या पुढे काही नाही. पण दोन्ही आता नवे मिळणं दुर्मीळ झालंय, वापरलेल्यांचे भावही चढे असतात, आणि आरटीएक्स ३०६० टीआय किंवा आरटीएक्स ४०६० च्या खालच्या कार्डासोबत ती कॅश बसून राहते. ज्याच्याकडे आधीच रायझन ५ ३६०० आहे त्याने मात्र उडी मारायची तर इथेच मारावी. ३६०० वरून ५६०० वर गेल्याने फरक पडतो, पण पैसे मोजावेत एवढा क्वचितच.

२२००जी, २४००जी, ३२००जी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट तपासलीच पाहिजे. पीसीत वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का? ५६०० आणि ५५०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय बसवलात तर पडदा काळाच राहील आणि प्रोसेसर खराब निघाला असं वाटेल. कार्ड नसेल आणि लगेच घेणार नसाल तर ५६००जी, ५६००जीटी किंवा ५५००जीटी यांतून निवडा.

कार्डाच्या लेनचाही (पीसीआयईच्या मार्गिकांचाही) विचार करा. बी४५० आणि ए३२० वर पीसीआयई ३.० च मिळतं, प्रोसेसर कोणताही असो. आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० आठ लेन वापरतात, त्यांना याचा फार फटका बसत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार लेनवर चालतं आणि त्याची मेमरी चार जीबी. ती भरली की ३.० च्या बोर्डावर एफपीएस धाडकन कोसळतात. जुन्या बोर्डावर हे कार्ड घेऊ नका.

इंटेलचा बोर्ड असेल तर

इथे सॉकेट दिसायला सारखं असलं तरी चालत नाही. एलजीए११५१ नावाची दोन कुटुंबं आहेत. १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर सहावी-सातवी पिढी चालते, ३०० मालिकेवर आठवी-नववी. एच११० बोर्डावर आय५-९४००एफ चालणार नाही.

आय५-६४०० किंवा ७४०० असलेल्यांना वापरलेला आय७-७७०० घ्यावासा वाटतो, कारण बोर्डाला हात लावावा लागत नाही. त्या सॉकेटवरचा तो जवळपास शेवटचा टप्पा, म्हणून त्याचे भाव त्याच्या ताकदीच्या मानाने अवाच्या सवा असतात, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही तो नाही. त्यापेक्षा आय३-१२१००एफ आणि डीडीआर४ चालणारा एच६१० बोर्ड घ्या, जुनीच डीडीआर४ रॅम लावा. १२१००एफ चे चार कोअर, आठ थ्रेड, म्हणजे ७७०० एवढेच. पण एकेक कोअर कितीतरी वेगवान. थोडे पैसे वाढवता आले तर सहा कोअरचा आय५-१२४००एफ. एच६१० घेताना बोर्डाच्या नावात 'डी४' किंवा 'डीडीआर४' आहे ना ते बघा. हा बोर्ड दोन्ही प्रकारांत येतो आणि डीडीआर५ चा घेतलात तर जुनी रॅम खाचेत बसतच नाही.

तेराव्या-चौदाव्या पिढीचे 'के' अक्षराचे आय५ आणि त्यावरचे प्रोसेसर वापरलेले घेणं टाळा. त्यांतल्या अनेकांना जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा त्रास झाला. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड देऊन तो पुढे वाढणं थांबवलं, पण आधी झालेली इजा त्याने भरून येत नाही.

एएम४ नंतरच्या एएम५ सॉकेटची वाट कधी धरावी? बोर्डच मेला असेल, किंवा रॅमही आठ जीबीची एकच स्टिक असेल आणि सगळंच नव्याने घ्यायचं असेल तेव्हा. रायझन ५ ७५००एफ तिथला किफायती प्रोसेसर. ८४००एफ स्वस्त दिसतो, पण कॅश १६ एमबी आणि कार्डाला आठच लेन. पुन्हा ५५०० चीच गोष्ट.

खरेदी करताना

बाजारात बॉक्स पीस आणि ट्रे पीस (खोक्याशिवाय सुटा) असे दोन प्रकार मिळतात. बॉक्सवर उत्पादकाची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेवर बहुधा दुकानदाराची स्वतःची, तीही अनेकदा वर्षभराची, आणि सोबत फॅन येत नाही. ५६०० च्या बॉक्समध्ये रेथ स्टेल्थ कूलर असतो. ५७००एक्स आणि एक्स३डीच्या बॉक्समध्ये कूलर नसतोच. किमतींची तुलना करताना फॅनचे पैसे धरूनच करा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन मागवा, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. पुढे वॉरंटीत कामाला येतो तो नंबरच.

जुना १६०० असेल तर त्याच्यासोबत आलेला रेथ स्पायर फेकू नका. तो स्टेल्थपेक्षा उंच आणि जड आहे, आणि ५६०० ला जास्त थंड ठेवतो.

वापरलेला प्रोसेसर घेताना मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पिनांच्या रांगा चारही बाजूंनी बघा. एएम४ मध्ये १३३१ पिना प्रोसेसरला असतात. रांग सरळ असेल तर डोळ्याला स्वच्छ गल्ल्या दिसतात, वाकलेली पिन लगेच रेघ मोडते. एखादी किंचित वाकलेली पिन सरळ होते, तुटलेली परत लागत नाही. शक्य असेल तर चालू पीसीवर सीपीयू-झेड उघडून नाव आणि थ्रेड बघा, आणि सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरची चाचणी दहा मिनिटं चालवा. ५६०० चा मल्टीकोअर आकडा ११,००० च्या आसपास यायला हवा. तो ८-९ हजारांवर अडकला तर एकतर फॅन नीट बसलेला नाही किंवा प्रोसेसर सांगितलाय तो नाही.

बायोस: जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच

सगळ्यात जास्त अडचणी इथे येतात. जुन्या बायोसला ५६०० ओळखता येत नाही. आधी प्रोसेसर बदलला आणि मग बायोसचं आठवलं, तर काळा पडदा बघत जुना परत बसवावा लागतो.

विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते तपासा. चालू असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून काढून कागदावर लिहा आणि एन्क्रिप्शन तात्पुरतं स्थगित करा. ही पायरी गाळली आणि की सापडली नाही, तर ड्राइव्हवरचा डेटा परत मिळत नाही.

बायोसमधल्या सध्याच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा. अपडेटनंतर सगळं मूळ पदावर येतं.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, कंपनीच्या साइटवरून आपल्याच रिव्हिजनची फाइल घ्या, झिप उघडून आतली फाइल पेनड्राइव्हवर टाका. साइटवर त्या आवृत्तीखालची टीप वाचा. काही बोर्डांना मधली एखादी आवृत्ती आधी घालावी लागते, थेट शेवटची चालत नाही. बायोसमधल्या एजेसा या एएमडीच्या भागाची १.२.०.७ किंवा त्यापुढची आवृत्ती निवडा, कारण एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) अधूनमधून बसणारा झटका त्यात दुरुस्त झालाय.

बायोसमध्ये जाऊन अपडेटचं साधन उघडा: गिगाबाइटवर क्यू-फ्लॅश, एमएसआयवर एम-फ्लॅश, असूसवर ईझी फ्लॅश, एएसरॉकवर इन्स्टंट फ्लॅश. विंडोजमधून बायोस अपडेट करू नका. काम पाच-सात मिनिटांचं आहे, पण मध्येच वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो. यूपीएसवरच करा. यूपीएस नसेल तर दोन तासांसाठी कोणाचा तरी मागून आणा. आभाळ भरून आलेल्या संध्याकाळी किंवा लोडशेडिंगच्या वेळेच्या आसपास हात घालू नका.

अपडेट झाल्यावर जुन्याच प्रोसेसरवर विंडोज एकदा चालू करून बघा. इथे सगळं ठीक असेल तर पुढे काही बिघडलं तरी दोष बायोसचा नाही, एवढं नक्की होतं.

बसवणं

पीसी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून गरम करा. थंड पेस्ट डिंकासारखी चिकटते. मग बंद करून वायर काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेट आडवं ठेवा.

फॅनची वायर काढा. कूलरचे चार स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, प्रत्येकी अर्धा-अर्धा फेरा देत सैल करा. सुटले की कूलर सरळ वर ओढू नका. एएम४ चं सॉकेट प्रोसेसरला फक्त खालून पिनांनी धरतं, वरून काहीच नसतं. ओढलं की लॉक बंद असतानाच प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. कूलर डावीकडे-उजवीकडे थोडाथोडा फिरवा, पेस्टची पकड सुटल्याचं हाताला कळतं, मग तिरका करून उचला. तरीही चिकटून आलाच, तर स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. हेअर ड्रायरने पेस्ट ऊबदार करा आणि दातांचा फ्लॉस दोघांच्या मधून ओढा.

लिव्हर सरळ उभा करा, जुना प्रोसेसर कडांना धरून वर उचला आणि नव्याच्या प्लॅस्टिक डबीत ठेवा. नव्याच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण आहे, तसाच सॉकेटवर आहे. दोन्ही जुळवून प्रोसेसर नुसता ठेवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो. बसला नाही तर दाबायचं नाही, उचलून पिना बघायच्या. बसल्यावर बोटाने हलकंच धरून लिव्हर खाली करा.

जुना कूलर वापरत असाल तर त्याचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पूर्ण पुसा. पेस्ट प्रोसेसरच्या मधोमध हरभऱ्याच्या दाण्याएवढी. बोटाने पसरवू नका, दाबाने आपोआप पसरते. नव्या बॉक्सच्या कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते, त्यावर आणखी लावू नका. चारही स्क्रू आधी दोन-दोन फेरे धरवून घ्या, मग तिरक्या जोड्यांनी घट्ट करा. एकच बाजू आधी आवळली तर कूलर कललेला बसतो आणि तापमान दहा-पंधरा अंशांनी जास्त राहतं. बोर्डाच्या मागची धातूची पट्टी सुटून सरकली असेल तर मागून हाताने धरूनच स्क्रू लावावे लागतात. शेवटी फॅनची वायर सीपीयू फॅनच्या पिनांवर. ही विसरली तर बरेच बोर्ड चालूच होऊ देत नाहीत.

चालू केल्यावर

पहिल्यांदा पीसी दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होऊ शकतो आणि पडदा मिनिटभर काळा राहतो. रॅमची जुळणी चाललेली असते, घाबरून बटण दाबू नका. नंतर नवा प्रोसेसर सापडला, एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन, असा संदेश येतो. एन्क्रिप्शन स्थगित केलेलं असेल किंवा की हाताशी असेल तर वाय दाबा.

पाच मिनिटांनीही काहीच आलं नाही तर क्रमाने बघा. मॉनिटरची वायर बोर्डाला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना. रॅम काढून एकच स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत लावा. बोर्डावरचं गोल सेल पाच मिनिटं काढून परत बसवा. एवढ्यानेही नाही झालं तर प्रोसेसर काढून पिना तपासा.

पडदा आला की बायोसमध्ये जा. एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. अपडेटनंतर रॅम मूळच्या २१३३ किंवा २४०० वर आलेली असते, आणि तशीच राहिली तर नव्या प्रोसेसरचा मोठा वाटा वाया जातो. पहिल्या मालिकेच्या रायझनवर २६६६ ला अडलेली ३२०० ची स्टिक ५६०० वर सहसा पूर्ण वेगाने चालते. सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसलं म्हणजे ३२०० बरोबर आहे, तिथे निम्मा आकडा दाखवतात. चार खाचांच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. मोबाइल गेम एम्युलेटरवर खेळत असाल तर एसव्हीएम (व्हर्च्युअलायझेशन) चालू करा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात, आणि बायोस अपडेटनंतर ही सेटिंग बंद झालेली असू शकतात. काल चालणारा गेम आज उघडत नसेल तर आधी इथे बघा. मात्र सिक्युअर बूटसाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने विंडोज सुरू करण्याची सोय) बंद करण्याआधी विंडोजची डिस्क जीपीटी प्रकारची आहे का ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहून घ्या. एमबीआर असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज सापडणार नाही.

आता तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून सिनेबेंच दहा मिनिटं चालवा. बॉक्सच्या फॅनवर ७५ ते ८५ अंश चालतात, उन्हाळ्यात वरच्या टोकाला. सुरू केल्यावर काही सेकंदांतच ९० गाठत असेल तर कूलर कललाय किंवा पेस्ट पसरलेली नाही. काढून पुन्हा बसवा. मग पहिल्या दिवशी ज्या मॅपवर आकडे घेतले होते, त्याच मॅपवर त्याच सेटिंगने पुन्हा दहा मिनिटं खेळा. कार्डाचा वापर साठवरून नव्वदच्या वर गेला असेल तर अपग्रेड लागू पडलं. एफपीएस जिथल्या तिथे आणि कार्डही तेवढंच मोकळं दिसत असेल, तर आधी रॅमचा वेग आणि चॅनेल बघा. बहुतेक वेळा एक्सएमपी चालू करायचं राहिलेलं असतं.

जुना प्रोसेसर लगेच विकू नका. निदान पंधरा दिवस डबीत, पिनांवर दाब येणार नाही असा ठेवा. नवा बदलून घ्यायची वेळ आली तर दुकानाच्या फेऱ्या चालू असेपर्यंत पीसी त्याच्यावर चालतो. त्या आधी बायोसच्या टिपेत जुन्या मालिकेचा सपोर्ट काढल्याचं लिहिलंय का ते बघून ठेवा. काही बोर्डांवर बायोसच्या १६ एमबीच्या चिपमध्ये जागा करायला कंपन्यांनी जुने प्रोसेसर यादीतून वगळले आहेत.